दस्त, चर आणि एक वगळलेली ओळ

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पेट्रोल भरायला थांबलात की पंपावर एक छोटा स्टिकर दिसेल. त्यावर काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, ऑडिटरचं नाव ठळक अक्षरांत असतं. पंप तपासलेला आहे, गॅलनचे पैसे घेऊन गॅलनभरच पेट्रोल देतोय, एवढाच त्याचा अर्थ. वजनमापं तपासणं हे इथे ऑडिटरचं काम. आता हा ऑडिटर लोकांनी निवडून दिलेला असतो. म्हणजे काउंटीतला प्रत्येक गाडीवाला टाकी भरेपर्यंत त्याचं नाव वाचत उभा राहतो, तेही सरकारी खर्चाने. आपल्याकडच्या नगरसेवकांना ही युक्ती अजून कुणी सांगितलेली दिसत नाही.

आमच्या बंड्याच्या गळ्यातला बिल्लाही याच ऑडिटरच्या कचेरीतून येतो. कुत्र्याचा परवाना जानेवारी संपायच्या आत काढायचा, नाहीतर दंड. घराची किंमत ठरवणाराही तोच. पेट्रोल, कुत्रा आणि घर एकाच माणसाच्या हाती कसं आलं, याचं उत्तर मला अजून कुणी धड दिलेलं नाही. पूर्वीपासून आहे, असं म्हणतात. काउंटीतल्या बऱ्याच गोष्टींना हेच उत्तर मिळतं.

नागरिकत्व घेतल्यावर पहिल्यांदा मतपत्रिका हातात आली तेव्हा वरचं राष्ट्राध्यक्षपद वगैरे कळलं. खाली मात्र यादी संपेचना. शेरीफ, सरकारी वकील, जमिनीचे दस्त नोंदवणारा रेकॉर्डर, खजिनदार, क्लर्क ऑफ कोर्ट्स, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर. आणि इंजिनिअर! ओहायोच्या बहुतेक काउंट्यांत इंजिनिअरही निवडून येतो. त्याच्याकडे इंजिनिअरिंग आणि सर्व्हेइंग असे दोन्ही परवाने लागतात आणि कॉरोनर डॉक्टरच असावा लागतो, त्यामुळे अगदीच कुणीही सोम्यागोम्या उभा राहत नाही. "इंजिनिअरला मत द्यायचं ते काय बघून?" असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "खड्डे बघून."

अमेरिकेत अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत, ओहायोत ८८. लॉस एंजेलिस काउंटीची वस्ती सुमारे एक कोटी, तर टेक्ससमधल्या लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत ६४ माणसं भरली. कनेक्टिकटने १९६० साली काउंटी सरकार हा प्रकारच बंद करून टाकला. उलट कॅन्ससमध्ये १८८०च्या दशकात काउंटीचं मुख्य ठिकाण कोणतं गाव होणार यावरून गोळीबार होऊन माणसं मेली होती. कोर्टहाउस ज्या गावात, व्यापार त्या गावात, असा तो सरळ हिशोब होता. आमच्या वुड काउंटीचं मुख्य ठिकाणही आधी मॉमी नदीकाठचं पेरिसबर्ग होतं, यादवी युद्धानंतर ते बोलिंग ग्रीनला गेलं. पेरिसबर्गमधले काही जुने लोक अजून हा विषय निघाला की नाक मुरडतात.

मला या सगळ्याची गोडी लागली ती घरपट्टीच्या बिलामुळे. वर्षातून दोनदा बिल येतं. त्यात शाळा, ग्रंथालय, ज्येष्ठांच्या सेवा असे कर असतात आणि खाली एक किरकोळ रक्कम असते, चराच्या देखभालीची. आमच्या घरासमोर चर नाही, मागेही नाही. चौकशी केली तर कळलं की आमच्या अंगणातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून जाऊन लांबच्या एका चरात पडतं, त्याची ही वर्गणी. आणि ती वर्गणी का, हे विचारलं की थेट दलदलीत उतरावं लागतं.

ओहायोच्या वायव्य कोपऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची दलदल होती. शंभर मैलांहून लांब. घोडा पोटापर्यंत रुतायचा, माणसं हिवतापाने थडथडायची. आजूबाजूचं ओहायो वसून गेलं तरी हा कोपरा मोकळाच राहिला. खालची माती मात्र सोन्यासारखी. अडचण अशी की एकट्या शेतकऱ्याने चर खणून उपयोग नसतो, पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं आणि तो काठी घेऊन येतो. म्हणून १८५९ साली ओहायोने चरांचा कायदा केला. शेतकऱ्यांनी काउंटीकडे अर्ज करायचा, काउंटीने पाहणी करायची आणि ज्याच्या जमिनीला जेवढा फायदा त्याच्यावर तेवढा खर्च टाकायचा. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मैलोन्‌मैल चर निघाले, जमिनीखाली भाजलेल्या मातीचे नळ टाकले गेले, त्यासाठी गावोगाव भट्ट्या निघाल्या, आणि ती दलदल मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतात जिरून गेली. आजही चरांचं काम त्या निवडून आलेल्या इंजिनिअरकडेच असतं. खड्ड्यांइतकीच चरांवरही नजर ठेवून मत द्यायला हवं, हे मी नवऱ्याला सुनावलं.

गावागावांत उभे असलेले पुतळे सेनापतींचे आहेत. काउंटीचं नावही ज्याने १८१३ साली फोर्ट मेग्ज बांधून घेतला त्या एलिझर वुड या लष्करी इंजिनिअरचं. पण माझ्या मते इथला खरा इतिहास चरांच्या अर्जांमध्ये आहे. कोण कुणाशी भांडला, कुणाची शेती तरली, कुणाला चराचा खर्च न झेपल्याने जमीन फुंकावी लागली, ते सगळं त्या अर्जांत आणि कराच्या वह्यांत सापडतं. ते इतिहास म्हणून कुणी लिहिलेलं नाही. पैसे वसूल करायचे होते म्हणून लिहिलंय, आणि म्हणूनच त्यात खोटं कमी.

बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून त्यांची हयात गेली. नायगारा दाखवला तर "छान आहे" म्हणाले. रेकॉर्डरच्या कचेरीत नेलं तर दुपारचं जेवण विसरले.

बोलिंग ग्रीनचं कोर्टहाउस १८९०च्या दशकातलं, दगडी, उंच मनोऱ्याचं. त्याच सुमारास इथे तेल आणि नैसर्गिक वायू लागला होता आणि काउंटीकडे पैसा खुळखुळत होता, हे त्या जिन्यांकडे पाहूनच कळतं. त्याला लागून असलेल्या इमारतीत रेकॉर्डर बसतो. अलीकडची खरेदीखतं संगणकावर मिळतात. त्याच्या मागे जायचं तर जाडजूड वह्या, एकेक उचलायला दोन हात लागतात. त्यांच्या दोन सूची असतात, एक देणाऱ्यांच्या नावाने, एक घेणाऱ्यांच्या. आपलं घर कुणाकडून घेतलं ते नाव घ्यायचं, घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचं, त्याने कुणाकडून घेतलं ते मिळतं, मग ते नाव घ्यायचं. असं करत करत मागे सरकायचं. सूचीवरून वहीचा आणि पानाचा आकडा घेऊन बाबा स्वतः वह्या काढायला निघाले तेव्हा तिथल्या बाई घाबरल्या. "सर, आय विल गेट दॅट फॉर यू," म्हणत मागे धावल्या. बाबा मला म्हणाले, "तिला सांग, मी चाळीस वर्षं हेच उचललंय."

१८३०च्या दशकापर्यंत पोचलो. शेवटी, म्हणजे खरं तर सुरुवातीला, सरकारने दिलेला जमिनीचा पट्टा लागला. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या नावाने, सही मात्र त्यांच्या चिटणिसाची. १८३३ पासून पट्ट्यांवर अध्यक्षांनी स्वतः सही करणं बंद झालं होतं, इतके पट्टे निघत होते. जमीन ८० एकर. वर्णन असं की सेक्शनच्या वायव्य पावाचा पूर्वेकडचा अर्धा. बाबांनी तिथेच कागदावर चौकोन काढला. १७८५च्या कायद्याने सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिप पाडल्या, त्यात ३६ सेक्शन, सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा पाव १६०, अर्धा ८०. सोळाव्या क्रमांकाचा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवलेला. मोजणीची साखळी ६६ फुटांची. हे ऐकून बाबांचे डोळेच चमकले. "आमची ३३ फुटांची, सोळा आण्यांची. तेहतीस गुणिले तेहतीस एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजाने तिकडे अर्धी साखळी दिली आणि इकडे अख्खी!"

जुन्या खतांमध्ये मला एका गोष्टीने खिळवून ठेवलं. विकणारा नवरा असला तरी बायकोची सही लागायची, कारण नवऱ्यामागे त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश हिश्श्यावर तिचा हयातभर हक्क असे. ओहायोत तो हक्क आजही आहे. आम्ही घर घेताना दोघांच्या सह्या त्यामुळेच लागल्या. पण त्या काळच्या खताखाली अधिकाऱ्याचा जादा मजकूर असतो. बायकोला नवऱ्यापासून वेगळं घेऊन, खतात काय लिहिलंय ते तिला समजावून विचारलं, आणि तिने सही राजीखुशीने केल्याचं सांगितलं. एकामागून एक खतांमध्ये हेच. १८५२च्या एका खतावर बाईची सही नाही, नुसती फुली आहे, आणि फुलीच्या डावी-उजवीकडे कारकुनाने तिचं नाव लिहिलंय. त्या खोलीत अधिकाऱ्याने खरंच दार लावून तिला विचारलं असेल, की छापील मजकूर भरून पुढचा माणूस बोलावला असेल? मला दुसरी शक्यताच जास्त वाटते. तरीही कुणीतरी कायदा करताना बाईला धाक असू शकतो एवढा विचार केला होता, ही गोष्ट मला काही लहान वाटत नाही.

मग वही पुढच्या दिशेने चाळायला घेतली. ८० एकरांचे तुकडे होत गेले आणि १९४१ साली एका बिल्डरने शेवटच्या तुकड्यावर प्लॉट पाडले. त्याने प्लॉटच्या नकाशासोबत अटी नोंदवल्या होत्या. घर रस्त्यापासून इतकं आत असावं, कोंबड्या पाळू नयेत, दारूचा धंदा करू नये. आणि मध्येच, कोंबड्यांच्या जवळपासच, एक अट: कॉकेशियन वंशाखेरीज इतर कुणीही इथलं घर किंवा प्लॉट वापरू नये, मालकाकडे राहणारे नोकरचाकर सोडून.

मी बाबांना ती वाचून दाखवली. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली.

अशी अट फक्त आमच्याच प्लॉटवर होती असं मुळीच नाही. गृहकर्जाला हमी देणारं केंद्र सरकारचं खातंच तेव्हा बिल्डरांना असल्या अटी घालायला सांगत होतं, त्याच्या नियमपुस्तकातच अशा अटीची शिफारस होती. देशभर लाखो घरांवर ती बसली. १९४८ साली सेंट लुईसमधल्या शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घराचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने सांगितलं की अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयं करणार नाहीत. म्हणजे अट लिहायला बंदी नव्हती, फक्त ती बजावायला कुणी येणार नव्हतं. घर विकताना-देताना वंशभेद करायला कायद्याने बंदी आली ती १९६८ साली.

आता आम्ही कॉकेशियन की नाही, हाही एक मजेशीर प्रश्न आहे, आणि तो सुप्रीम कोर्टातच सुटलेला आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले भगतसिंग थिंड यांनी हाच दावा केला होता, की शास्त्राप्रमाणे आम्ही कॉकेशियन आहोत, म्हणून गोरे आहोत, म्हणून नागरिकत्व द्या. १९२३ साली कोर्टाने ठरवलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. थिंड यांचं नागरिकत्व गेलं आणि आधी नागरिक झालेल्या बऱ्याच भारतीयांचंही काढून घेतलं. भारतीयांना नागरिक व्हायची मुभा मिळाली १९४६ साली. म्हणजे आमच्या प्लॉटचे कागद झाले तेव्हा बाबांच्या वडिलांच्या वयाचा माणूस इथे येऊन घर घेऊ शकला नसता, आणि नागरिकही होऊ शकला नसता. स्वयंपाकी म्हणून मात्र चालला असता.

घरी येऊन मी आमच्या खरेदीची फाइल काढली. आमच्या खतात फक्त "नोंदणीकृत निर्बंधांच्या अधीन" एवढंच आहे. टायटल इन्शुरन्सच्या, म्हणजे मालकी हक्काच्या विम्याच्या, कागदात निर्बंधांच्या वहीचा आणि पानाचा आकडा दिलाय आणि पुढे एक लांबलचक वाक्य, की वंश, वर्ण, धर्म यांवर आधारलेले निर्बंध असल्यास ते वगळून. घर घेतलं त्या दिवशी ते वाक्य मी वाचलं होतं. तेव्हा वाटलं होतं, वकिलांची सवय. 'असल्यास' म्हणे.

बाबांचं म्हणणं पडलं की ती ओळ खोडायला लावावी. मला ते पटलं नाही. वहीतलं पान जसंच्या तसं राहावं, कारण फुली मारणारी बाई आणि हा बिल्डर एकाच कपाटात आहेत आणि तिथे कुणीच कुणाला झाकलेलं नाही. आमचा वाद दोन दिवस चालला. मोजणीदाराने रेकॉर्डमध्ये खाडाखोड सुचवावी हे मला विनोदी वाटलं, ते मी बोलूनही दाखवलं. त्यावर ते चिडले.

काउंटीच्या म्युझियमबद्दल माझं मत जरा कडवट आहे, पण इमारतीबद्दल नाही. म्युझियम ज्या इमारतीत आहे ती काउंटीची गरीबखान्याची इमारत. १८६९ साली सुरू झाला आणि १९७१पर्यंत चालला. म्हातारे, अपंग, नोकरी गेलेले, कुणी नसलेले लोक इथे राहायचे, जमेल ते शेतीचं काम करायचे. शंभर वर्षं कल्याणकारी सरकार म्हणजे ही एक इमारत आणि तिची शेती होती. ते दाखवतात चांगलं. पण गर्दी होते बरणीपाशी. १८८१ साली मेरी बाख नावाच्या बाईचा तिच्या नवऱ्याने खून केला, खटल्यात तिची कापलेली तीन बोटं पुरावा म्हणून ठेवली, १८८३ साली नवऱ्याला फाशी झाली आणि बोटं कित्येक वर्षं कोर्टहाउसमध्ये लोकांना बघायला होती. आता ती इथे आहेत. शाळेच्या सहली आवर्जून ती बघतात. मी एकदा बघितली, पुन्हा त्या बाजूला गेले नाही. गरीबखान्यात कोण कशामुळे आलं याच्या नोंदवह्या दहा बरण्यांपेक्षा जास्त बोलतात.

ग्रंथालयावर मात्र माझा लोभ आहे. शेजारच्या भागात व्हॅन वर्ट गावी ब्रमबॅक ग्रंथालय आहे. जॉन ब्रमबॅक नावाच्या बँकवाल्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले आणि अट घातली की ग्रंथालय गावापुरतं नाही, सगळ्या काउंटीचं असलं पाहिजे. १९०१ साली ते उघडलं. देशातलं पहिलं काउंटी ग्रंथालय म्हणून ते ओळखलं जातं. त्याच काळात मेरीलँडच्या वॉशिंग्टन काउंटीत मेरी टिटकॉम्ब या ग्रंथपालबाईंनी घोड्याच्या गाडीला फळ्या ठोकून पुस्तकं शेतांवर धाडायला सुरुवात केली, १९०५ साली. ग्रंथालयाचा शिपाईच गाडी हाकायचा. १९१०मध्ये रेल्वेने ती गाडी उडवली, तर बाईंनी पुढे मोटार मिळवली.

इथल्या ग्रंथालयांना काही पैसे राज्याकडून येतात, उरलेले मतदारांनी मंजूर केलेल्या करातून. कर 'मिल'मध्ये, म्हणजे हजारांशात, मोजतात. लाख डॉलरचं घर असेल तर कर त्याच्या ३५ टक्के किमतीवर, आणि एक मिल म्हणजे वर्षाला ३५ डॉलर. दर काही वर्षांनी कर नव्याने मतदानाला येतो, आणि दर वेळी आमच्या गल्लीत कुणीतरी म्हणतं की आता सगळं फोनवर मिळतं. अशा माणसाला स्थानिक इतिहासाच्या खोलीत तासभर कोंडून ठेवावं. विमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबोर्नचे नकाशे तिथे आहेत, विटांची घरं गुलाबी, लाकडाची पिवळी. शाळांची वार्षिकं, गावोगावच्या नावपत्त्यांच्या डिरेक्टऱ्या, मायक्रोफिल्मवरची वर्तमानपत्रं.

तिथेच आम्ही १९५०ची जनगणना बघितली. जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षं बंद असतात, १९५०चे २०२२ साली खुले झाले. आमच्या घराचा पत्ता सापडला. घरात नवरा, बायको आणि दोन मुलगे. तो रॉसफर्डच्या काचेच्या कारखान्यात मजूर. प्रत्येक पाचव्या माणसाला जादा प्रश्न विचारायचे, त्यात नेमका तो आला होता, म्हणून त्याच्या आईवडिलांचा जन्म कुठला तेही लिहिलंय. पोलंड. १९२४च्या कायद्याने ज्यांच्या येण्याला सरकारने जवळपास कडी लावली, त्या देशांपैकी एक. कॉकेशियनांसाठी राखलेल्या घरात पहिला राहायला आला तो हा.

बाबांनी विचारलं, पुढे कुणी घेतलं? १९६०ची जनगणना २०३२मध्ये खुली होईल. तोवर डिरेक्टऱ्यांवर भागवायचं, आणि १९५८ची नेमकी कपाटात नाही.